तालमीचे काळमान

बलसंवर्धनासाठी मनुष्याने दररोज किती वेळ व्यायाम करावा, हा प्रश्न आज घड्याळाच्या काट्याकडे पाहून विचारला जातो आणि त्याचे उत्तरही मिनिटांतच अपेक्षिले जाते; परंतु जेथे मल्लविद्या राजाश्रयाने आणि लोकाश्रयाने शतकानुशतके नांदली, त्या महाराष्ट्रात हे उत्तर फार काळ निराळ्याच परिमाणात दिले जात असे, आणि त्याचे कारण कालमापनाची साधने नव्हती हे मात्र नव्हे. साठ घटिकांचा अहोरात्र मोजणारे घटिकापात्र देवळात होते, वाड्यात होते, लग्नमंडपात तर त्यावाचून चालतच नसे. तथापि व्यायाम कोठे थांबवावा याचा निर्णय त्या पात्राकडे सोपविण्याचा शिरस्ता नव्हता.

तो निर्णय वैद्यकशास्त्राने श्वासाकडे सोपविला होता. व्यायाम आपल्या बलाच्या निम्म्याइतकाच करावा, असे सुश्रुताने सांगितले, आणि निम्मे बल खर्ची पडले हे ओळखावे कसे, याची खूणही त्याने तेथेच दिली: हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजेच साध्या भाषेत तोंडाने धापा टाकण्याची वेळ आली, की थांबावे. वाग्भटाने याला ऋतुमानाची जोड दिली. स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवंतानेही शीतकाळी आणि वसंतात अर्धशक्तीने, व इतर ऋतूंत त्याहूनही मंद व्यायाम करावा असे अष्टांगहृदयाचे शासन असून, ते ओलांडणाऱ्याला हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिलेली आहे. मला या नियमाचे मोठे अप्रूप वाटते. सोळा वर्षांच्या मुलाला आणि पन्नाशीच्या गृहस्थाला तो एकाच वाक्यात दोन भिन्न मुदती घालून देतो, आणि बल वाढेल तसतसे त्याचे अर्धही आपोआप वाढत जात असल्याने त्या नियमात कधी दुरुस्ती करावी लागत नाही.

इसवी सनाच्या बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लासात मल्लांच्या विनोदाला स्वतंत्र स्थान आहे. भार उचलण्याचे श्रम, चालण्याचे श्रम, पोहण्याचे श्रम आणि स्तंभाशी करावयाचे श्रम असे मल्लाच्या परिश्रमाचे प्रकार तेथे वेगवेगळे सांगितले आहेत. त्यांतील स्तंभश्रम हा आपल्या मल्लखांबाचा पूर्वज असावा, असे अभ्यासक मानतात. केवळ भार उचलूनच बल येते अशी त्या राजाची समजूत नव्हती. एका अंगाचे श्रम झाले की दुसऱ्या प्रकारच्या श्रमाने शरीर खुले करावयाचे, ही दृष्टी त्या विभागणीत मला दिसते.

पुढे श्वासाच्या जोडीला संख्या आली. समर्थ रामदासांविषयी ते नित्य बाराशे सूर्यनमस्कार घालीत अशी परंपरा आहे. मिनिटाला पाच या संथ गतीने ते घातले असे धरले, तर त्यांस चार तास, म्हणजे बरोबर दहा घटिका लागतील. परंतु सांप्रदायिकांनी स्मरणात ठेविला तो आकडा नमस्कारांचा, घटिकांचा नव्हे. पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या बाळंभटदादा देवधरांच्या परंपरेतही उडी, पकड आणि आसन यांचीच गणती झाली.

या रीतीचे पूर्ण रूप पाहावयाचे तर कोल्हापुराकडेच वळले पाहिजे. 1894 साली गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी मल्लांना दरबारातून खुराक आणि नेमणुका देऊन मल्लविद्येला जो आश्रय दिला, 1902 च्या युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या रोमच्या प्राचीन क्रीडागाराची आठवण मनात धरून खासबागेचे जे विशाल मैदान 1912 मध्ये पूर्णत्वास नेले, त्यामुळे मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची नावे दूरदूरच्या खेड्यांतल्या पोरांच्या तोंडी झाली. अशा तालमीत पठ्ठ्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होई. हौदातील तांबडी माती फावड्याने उकरून, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली ती माती समपातळीत आणणे हीच पहिली मेहनत, मग लढती, आणि दिवस कलल्यावर जोर, बैठका, सपाट्या, करेला, मुद्गल. काही ठिकाणी हा क्रम उलटाही असे. नव्या मुलाला किती जोर मारावयाचे हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसे. वस्ताद भिंतीशी उभा राहून त्याच्या कपाळावरचा घाम, मानेची शीर आणि नाकपुड्यांची हालचाल न्याहाळी आणि एका विशिष्ट क्षणी त्याला थांबवी. सुश्रुताचे नावही ज्याने ऐकले नव्हते असा हा निरक्षर वस्ताद सुश्रुताचेच शासन बजावीत होता. दर आठपंधरा दिवसांनी आकडा थोडा चढवावयाचा, ताप येऊन गेला की उतरवावयाचा, हा त्याचा दस्तूर.

त्या मेहनतीचा पसारा मोठा असे, सकाळ-संध्याकाळ मिळून कित्येक तासांचा, याचे कारण कुस्तीच्या स्वरूपात होते. निकाली कुस्तीला मुदत नसे. पाठ लागेपर्यंत झुंजावयाचे, आणि तुल्यबळ जोड असली तर प्रेक्षकांची सावली लांबेपर्यंत निकाल न लागता ती बरोबरीत सोडवावी लागे. ज्याला अमर्याद काळ झुंजावयाचे आहे त्याच्या तयारीला मर्यादा घालणार कोण? परंतु या दीर्घ मेहनतीकडे पाहताना तिच्या दुसऱ्या अंगाचा विसर पडतो. मेहनतीनंतर अंग रगडून घेणे, बदामाची थंडाई, दूध-तूप, दुपारची गाढ झोप, हे सारे तालमीच्या वेळापत्रकाचेच भाग होते, आणि वस्ताद त्यांबाबत जोर-बैठकांइतकाच कडक असे. विश्रांतीची ही तरतूद ज्यांच्या दिनक्रमात नाही त्यांनी पहिलवानाचे आकडे उसने घेणे मला धोक्याचे वाटते.

काळाने बल मोजण्याचे एक ठळक उदाहरणही महाराष्ट्रात आहे, ते जेजुरीचे. दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाचा सुमारे 42 किलो वजनाचा खंडा एका हाताने उचलून अधिकाधिक वेळ तोलून धरण्याची चढाओढ तेथे लागते, आणि जमलेले भाविक ते क्षण श्वास रोखून मोजतात. पण ती परीक्षा आहे, अभ्यास नव्हे. वर्षातून एकदा पूर्णशक्ती दाखविता यावी म्हणून उरलेले वर्ष अर्धशक्तीने काढावयाचे असते.

मिनिटांचा अंमल बसला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या प्रारंभी, लष्करी कवायतीतून, शाळेच्या तासांतून आणि कचेरीच्या वेळेतून. दहाच्या ठोक्याला दफ्तरात हजर व्हावयाचे, तर पहाटेच्या मेहनतीला आणि दुपारच्या झोपेला जागा कोठून राहणार? डेन्मार्कच्या म्युलरने 1904 साली आपली व्यायामपद्धती प्रसिद्ध केली तेव्हा तिच्या नावातच दिवसाकाठी पंधरा मिनिटांचे आश्वासन होते, आणि ते पुस्तक अनेक भाषांत गेले. सँडो या बलपटूच्या डंबेल्सचा आणि पुस्तकांचा प्रसारही याच सुमाराचा. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1897 मध्ये सँडोची सारी सामग्री मागवून दहा वर्षे त्या पद्धतीने नियमित व्यायाम केला, आणि नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले, ते इतक्या निष्ठेने की संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले आणि त्या विषयावर पुस्तके लिहिली. पंतांचे महत्त्व मला यात वाटते की, साहित्य लागत नाही, जागा लागत नाही आणि थोडक्या वेळात सर्वांगाला श्रम घडतात, हा घड्याळाच्या युगाला पटणारा युक्तिवाद त्यांनी संख्येच्या जुन्या परंपरेसाठी वापरला.

बडोद्याचे व्यायामाचार्य माणिकराव यांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, आणि 1938 साली कांदिवलीस शारीरिक शिक्षणाची शिक्षणसंस्था निघून व्यायाम शाळेच्या वेळापत्रकात पक्का बसला. तो तेथे शिरला हे इष्टच झाले, कारण ज्यांना तालमीची पायरी कधी चढता आली नसती अशा मुलींपर्यंत आणि अशक्त मुलांपर्यंत तो त्यामुळे पोहोचला. मात्र चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा श्वास पाहणे शिक्षकाला शक्य नव्हते. घंटा झाली की सर्वांनी सुरू करावयाचे आणि घंटा झाली की सर्वांनी थांबावयाचे, ही त्या सोयीची किंमत होती.

कुस्तीवरही घड्याळाचा अंमल बसला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरात तयार झाले, आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी मातीऐवजी गादीवर, निकालीऐवजी मुदतीच्या कुस्तीत कांस्यपदक मिळविले. तेथे जपानच्या इशीईशी झालेली दमछाक करणारी लढत संपताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून घेण्यास भारतीय पथकातील कोणी अधिकारी त्या वेळी हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ती कुस्ती खाशाबा हरले, आणि इशीई सुवर्णपदकाचा मानकरी ठरला.