टायकाँडेरोगा

अमेरिकेतील शँप्लेन सरोवरावरची, बाजूला वल्हेचाके असलेली पोलादी आगबोट. बांधणी 1906, लांबी 220 फूट, मालक शँप्लेन ट्रान्सपोर्टेशन कंपनी. वेस्टपोर्ट येथे न्यूयॉर्कच्या संध्याकाळच्या गाडीने येणारे उतारू घेऊन ती दुसऱ्या सकाळी बर्लिंग्टनकडे निघे. शेतमाल आणि गुरेही वाही. दोन्ही महायुद्धांत सैनिकांची ने-आण.

सध्या ती व्हरमाँटमधील शेलबर्न संग्रहालयाच्या आवारात, सरोवरापासून दूर, गवतावर उभी आहे. पाण्याबाहेरच्या बोटीला जतन केलेली बोट म्हणावे का, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाणी बोटीला सगळीकडून तोलते. जमिनीवर तिचा भार मोजक्या टेकूंवर येतो. पण या बोटीत जपण्यासारखे काय, हे आधी ठरवले पाहिजे, आणि ते म्हणजे तिचे यंत्र. वाफेने एकाच उभ्या सिलिंडरातला दट्ट्या वरखाली होतो. त्याचा दांडा डेकच्याही वर, तराजूच्या दांडीसारख्या मध्यावर तोललेल्या तुळईचे एक टोक हलवतो. दुसऱ्या टोकाचा दांडा वल्हेचाकांचा आस फिरवतो. बोटीच्या तळापासून छतापर्यंत पोचणारे हे यंत्र सुटे करून दालनात मांडले, तर ते बोट कसे चालवी हेच कळणार नाही. म्हणजे बोट सबंधच हवी. ती पाण्यात का ठेवली नाही? संग्रहालयाने तेही करून पाहिले. 1950 नंतर काही हंगाम तिच्या फेऱ्या चालवल्या, पण असल्या यंत्राची जाणकार माणसे मिळेनात. 1953 मध्ये फेऱ्या बंद झाल्या. चालवणारे नसले की धक्क्याला बांधलेली बोट नुसती गंजते. तेव्हा जमिनीचा मार्ग हौसेचा नव्हता, उरलेला होता.

1954 मध्ये मुद्दाम खोदलेल्या कुंडात बोट आणून पाणी उपसले आणि ती खालच्या रुळांवरील गाड्यावर टेकवली. 1955 च्या हिवाळ्यात, गोठलेल्या जमिनीवर पुढे रूळ टाकत व मागचे उचलत, वाटेत रटलंड रेल्वेचा मार्ग ओलांडून ती ओढत नेली. वजन 892 टन, अंतर सुमारे दोन मैल, दिवस 65.

झुलत्या तुळईची ही एकमेव उरलेली प्रवासी बोट, असे सांगितले जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या युरेका या लाकडी फेरीबोटीतही तसेच यंत्र असल्याने ‘एकमेव’ हा शब्द जपून वापरावा.

1964 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक. आतील सजावट 1923 सालची.