आभासी सर्व्हर : कार्यमानाचे निरीक्षण
एकाच प्रत्यक्ष संगणकाची साधने वाटून त्यावर स्वतंत्रपणे चालविलेल्या अनेक संगणकांस आभासी संगणक म्हणतात. त्यांपैकी जे इतरांस सेवा पुरवितात ते आभासी सर्व्हर होत. ही वाटणी करणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायजर, प्रत्यक्ष यंत्रास ‘यजमान’ व आभासी यंत्रास ‘पाहुणा’ अशा संज्ञा आहेत. प्रक्रियक व स्मृती सर्वस्वी आपलीच आहे, असे समजून पाहुणा काम करतो. त्यामुळे त्याने दिलेली स्वतःच्या कामगिरीची मापे अपुरी ठरतात. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांतून या निरीक्षणाचा विकास झाला.

आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात ‘सीपी-४०’ ही या प्रकारची आद्य प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली. १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ जाहीर झाली. जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासी यंत्राच्या अटी मांडल्या. पाहुण्याचे वर्तन प्रत्यक्ष यंत्रासारखेच असावे, ही त्यांतील एक अट होय. मात्र कामास लागणारा वेळ व साधनांची उपलब्धता यांतील फरक त्यांनी अपवाद मानला. निरीक्षणाचा विषय नेमका हाच अपवाद आहे.

व्हीएमवेअर (१९९९), झेन (२००३) व केव्हीएम (२००७) या प्रणालींमुळे हे तंत्र सामान्य संगणकांवर आले. २००५ पासून लिनक्समध्ये ‘स्टील’ हे माप मिळू लागले. पाहुण्यास काम करावयाचे असूनही यजमानाने प्रक्रियक दुसऱ्यास दिल्यामुळे गेलेला वेळ त्यातून कळतो. उदा., ८ प्रक्रियकांच्या यजमानावर प्रत्येकी ४ आभासी प्रक्रियकांचे ४ पाहुणे असून सर्वांनी एकाच वेळी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकास सरासरी निम्माच वेळ मिळतो. याखेरीज स्मृतीची टंचाई व चकतीवरील प्रतीक्षा हीही मापे दोन्ही बाजूंनी पाहावी लागतात.

भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘मेघराज’ या मेघसेवेस २०१४ मध्ये प्रारंभ झाला. या केंद्राच्या राष्ट्रीय माहिती केंद्रांपैकी एक पुणे येथे आहे. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा १ मे २०१८ पासून देण्यात येऊ लागला. धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) या ८ तालुक्यांच्या, अवर्षणप्रवण जिल्ह्यात खरिपापूर्वी पीककर्जासाठी शेतकऱ्यास या उताऱ्याची गरज पडते. परांडा किंवा भूम येथे उतारा वेळेवर निघाला नाही, तर ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. विलंबाचे मूळ मात्र गावातील जोडणीत, आज्ञावलीत, माहितीसाठ्यात, पाहुण्यात किंवा यजमानात असू शकते. प्रत्येक टप्प्यावर लागलेल्या वेळेची नोंद नसल्यास दोष निश्चित होत नाही. कित्येकदा खिडकीवरील कर्मचाऱ्यावरच तो येतो.

भाड्याने घेतलेल्या मेघसेवेत यजमानाची सर्व मापे ग्राहकास दिसत नाहीत. म्हणून सेवाकरारात केवळ सर्व्हर चालू असण्याचा काळ न नोंदविता मागणीस उत्तर मिळण्याचा कालावधीही ठरविणे आवश्यक असते. कारण चालू असलेला सर्व्हर उपयोगी पडतोच असे नाही.