चौल : बंदर गेलं, बोली राहिली

आपल्या ग्रुपवर सहलीचा विषय निघाला की अलिबागचं नाव हमखास येतं. समुद्र, वाळू, ओहोटी बघून कुलाबा किल्ला, रात्री मासे-भाकरी आणि परत. यात वाईट काहीच नाही. पण तिथून दक्षिणेला, मुरूडच्या रस्त्यावर, तासाभराच्या आत चौल आणि रेवदंडा लागतात आणि बहुतेकांची गाडी नारळ-सुपारीच्या बागा बघत सरळ पुढे निघून जाते. शाळेच्या इतिहासात आपण किल्ले, लढाया आणि तह भरपूर पाठ केले. बंदरं मात्र एखाद्या ओळीत आटपायची. म्हणून या स्मरणिकेसाठी चौलवर लिहिते आहे.

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात कल्याणनंतरच्या बंदरांमध्ये त्याचं नाव ‘सेमिल्ला’ असं येतं. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांमध्येही ‘चेमुल’चे रहिवासी आहेत. पुढे 915-16च्या सुमारास अरब प्रवासी अल मसूदी इथे आला. तेव्हा इथे शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान इथे राहतात, असं त्याने लिहून ठेवलं. त्यातले कित्येक इथेच जन्मलेले होते. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या खाडीकाठी परदेशी माणूस ही नवलाई नव्हती.

1469च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन इथे उतरला. वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधी! विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता, कारण इथे चांगल्या घोड्याला मोठी किंमत यायची. गोरा माणूस बघायला लोक आपल्या मागे मागे फिरतात, असं त्याने लिहिलं. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदलण्याची अट घातली. एका ओळखीच्या माणसाने रदबदली केली तेव्हा तो सुटला. परतीच्या वाटेवर घरी पोचण्याआधीच तो वारला. त्याच्या वह्या मात्र पोचल्या.

मग पोर्तुगीज आले. 1508मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी त्यांचा पराभव केला. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरीही 1521मध्ये अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी रेवदंड्याला ठाण मांडलं. आज त्या कोटाच्या आत वाड्या आहेत, घरं आहेत, तटाला लागून वाळूचा किनारा आहे. मधेच सातखणी नावाचा अर्धवट उरलेला मनोरा उभा दिसतो. खाडीपलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला आहे. तो 1594मध्ये त्यांच्या हाती गेला. 1739मध्ये वसई पडली आणि पुढच्याच वर्षी तहाने चौल मराठ्यांकडे आलं.

आपल्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. मला त्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सत्ता गेली, पण कोर्लईच्या पायथ्याची ख्रिस्ती कुटुंबं कुठेच गेली नाहीत. ती घरात पोर्तुगीज शब्दांची एक बोली बोलत राहिली. तिला ती ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने 1996मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. गंमत अशी, की शब्द पोर्तुगीज असले तरी क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जातं. आमच्या धंद्यात जुना प्रोग्राम न मोडता त्यावर नवं काम चढवत जातात, तसंच काहीसं. आपणही त्यांचे शब्द घेतलेच की! पाव, बटाटा, चावी, साबण, पगार, घमेलं हे सगळे तिकडून आलेले.

अशीच दुसरी गोष्ट बेने इस्रायल समाजाची. या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक म्हणून ‘शनवार तेली’. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आहे. 1948नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, पण तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिक चालवलं.

कोर्लईची बोली बोलणारे आता जेमतेम हजाराच्या आसपास आहेत. खाडीवर पूल झाला, मुलं मराठी-इंग्रजी शाळांत जाऊ लागली, नोकरीसाठी बाहेर पडली. यात त्यांचं काय चुकलं? आपण तेच केलं. आपल्या घरात मुलं कोणत्या भाषेत उत्तर देतात ते आठवून बघा. तट ढासळला तर निदान दगड उरतात. बोलीचं तसं नाही. ती बोलणारं शेवटचं घर गप्प झालं की संपली.

म्हणून एक सुचवते. पुढची सहल दिवाळीनंतर ठेवू, म्हणजे हवा चांगली असेल. पहिला दिवस चौलच्या रामेश्वराच्या देवळात आणि पुष्करणीकाठी, मग रेवदंड्याचा कोट आणि सिनेगॉग. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत कोर्लई चढू. मुलांना बरोबर घ्या. किल्ला उतरल्यावर गावात कुणी वडीलधारं माणूस वेळ देईल तर ‘नौ लिंग’मधली दोन वाक्यं विचारू, आणि त्यांना आवडेल तेवढंच ऐकू. समुद्रात पाय नंतर बुडवूच. संध्याकाळ मोकळीच ठेवली आहे.