फळांची चव ओळखणे

पूर्वप्राथमिक वयातील मुलांना निरनिराळी फळे पाहायला, हाताळायला, हुंगायला आणि चाखायला देऊन त्यांची ओळख करून देणारा बालशिक्षणातील उपक्रम. साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडीत, अंगणवाडीत किंवा घरी तो घेतला जातो. पोट भरणे हा त्याचा हेतू नसतो; नखाएवढी फोडही पुरते. मुलाने स्वतःच्या जिभेने फरक ओळखावा आणि तो स्वतःच्या शब्दांत सांगावा, एवढीच अपेक्षा असते.

ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणाचा आग्रह मारिया माँटेसरी यांनी धरला. १९०७ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या त्यांच्या बालगृहातून वाढत गेलेल्या पद्धतीत गोड, आंबट, खारट आणि कडू चवीच्या बाटल्यांना स्थान मिळाले. भारतात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार इथल्या मातीत रुजवला. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, खडे, शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंमधून शिकवणे हे या कामाचे वैशिष्ट्य. फळांचा उपक्रम याच विचारात चपखल बसतो, कारण त्याचे साहित्य झाडावर किंवा आठवडे बाजारात मिळते. कोसबाड ज्या डहाणू तालुक्यात आहे, तिथल्याच घोलवडचा चिकू २०१६ पासून भौगोलिक मानांकन मिरवतो आहे.

उपक्रमाची सुरुवात अखंड फळापासून होते. चिकूची खरखरीत साल, सीताफळाचे डोळे, केळ्याचे देठ मुले बोटांनी चाचपतात. मग फळ त्यांच्यासमोर चिरले जाते. आत किती बिया आहेत, गर कोणत्या रंगाचा आहे, रस गळतो की नाही, हे पाहून झाल्यावर फोडी वाटल्या जातात. एका वेळी तीन-चार फळे पुरतात, आणि त्यांच्या चवीत ठळक अंतर असलेले बरे: गोड केळे, आंबटगोड संत्रे, तुरट आवळा. डोळ्यांवर रुमाल बांधून फळ ओळखण्याचा खेळ मोठ्या गटाला आवडतो. लहानग्यांना तो भीतिदायक वाटू शकतो, त्यांनी नुसते डोळे मिटले तरी चालते.

काही फळांमध्ये विज्ञानाचा धडा आयताच असतो. आवळा खाऊन पाणी प्यायले की पाणी गोड लागते. जांभळाने जीभ रंगते आणि तोंड कोरडे पडते. त्यातील टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटत असल्याने तुरटपणा जाणवतो. नाक दाबून संत्र्याची फोड चावली तर फक्त आंबटगोडपणा कळतो. नाक सोडताच संत्र्याचा स्वाद येतो, कारण स्वादाचा मोठा भाग वासाचा असतो. करवंदाला तर खेळ पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला आहे: ‘कोंबडा की कोंबडी?’ असे विचारून करवंद चावायचे. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी.

चाखण्यावर भर देण्यामागे संशोधनाचा आधार आहे. दोन ते सहा या वयात बहुतेक मुले अनोळखी पदार्थ नाकारतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की पदार्थ जितक्या वेळा चाखला जातो तितकी त्याची आवड वाढते. नुसता पाहिल्याने त्याच्या चवीची आवड वाढत नाही. बक्षिसाच्या लालचेने खायला लावलेला पदार्थ मुलांना कमी आवडू लागतो, हेही त्यांच्या अभ्यासात दिसले. म्हणून ‘संपवलंस तर चॉकलेट देईन’ हे वाक्य या उपक्रमात बसत नाही. फोड चाटून परत ठेवणाऱ्या मुलाला रागवायचे नसते. पुढच्या आठवड्यात तेच फळ पुन्हा समोर ठेवायचे, आणि त्यानंतरही.

भाषेची वाढ हा उपक्रमाचा मोठा लाभ. गोड आणि आंबट या दोन शब्दांवर थांबलेले मूल हळूहळू तुरट, रवाळ, करकरीत, गिळगिळीत, पिठूळ असे शब्द वापरू लागते. कोकणातले, विदर्भातले किंवा आदिवासी पाड्यावरचे मूल फळाला घरचे नाव सांगत असेल, तर ते नावही वर्गात मोलाचे मानावे.

सुरक्षिततेत मात्र हयगय चालत नाही. अखंड द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून ते उभे चिरून चार भाग करतात. बोर, जांभूळ आणि सीताफळाच्या बिया आधीच काढतात. चिकूच्या बीला आकडा असल्याने ती विशेष सांभाळून काढावी लागते. सफरचंदासारख्या कडक फळाच्या अगदी पातळ चकत्या देतात. मुलांनी बसूनच खावे, हात व फळे धुतलेली असावीत, आणि कोणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारावे.

खर्च थोडा, पण हंगामाचे भान हवे. थंडीत बोर, पेरू, आवळा. उन्हाळ्यात करवंद, आंबा, फणस. पावसाच्या तोंडावर जांभूळ. दसऱ्याच्या सुमारास सीताफळ. अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात सफरचंद आणि स्ट्रॉबेरी हमखास असतात, तर कुंपणावरचे करवंद क्वचितच. सेविकांनी आणि पालकांनी उपक्रमाची सुरुवात आपल्या गावात त्या महिन्यात पिकणाऱ्या फळापासून करावी.