लेखक-वाचक भेट आणि पुस्तकाचे दुकान : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

नवे पुस्तक प्रसिद्ध झाले की लेखकाने पुस्तकाच्या दुकानात यावे, त्यातील काही पाने वाचून दाखवावीत, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि विकत घेतलेल्या प्रतींवर स्वाक्षरी करावी, हा कार्यक्रम मुंबई-पुण्याच्या वाचकाला नवा नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यात मात्र लेखक आणि वाचक यांची गाठ बहुधा अन्यत्र पडत आली आहे. कधी ती संमेलनाच्या मंडपात पडते, कधी महाविद्यालयाच्या सभागृहात, तर कधी जत्रेतील पुस्तकांच्या मांडणीपुढे. जिल्ह्यात लिहिणारे आहेत, वाचणारेही आहेत. परंतु या दोहोंना वर्षभर जोडून ठेवील असे ललित पुस्तकांचे दुकान विरळ आहे. या उणिवेचा सर्वाधिक फटका बसतो तो स्थानिक बोलींतून लिहिणाऱ्यांना. त्यामुळे दुकानातील लेखकभेट हा येथे केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

दुकानातील भेटीची परंपरा

लेखक आणि ग्रंथविक्रेता यांचे नाते जगभर जुने आहे. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच यांनी १९१९ साली सुरू केलेले ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे दुकान लेखकांचे भेटीचे ठिकाण बनले आणि १९२२ मध्ये जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी त्याच दुकानाने प्रकाशित केली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९५३ साली सुरू झालेल्या ‘सिटी लाइट्स’नेही विक्री, प्रकाशन आणि कवितावाचन यांची अशीच सांगड घातली.

महाराष्ट्रात १८७८ साली पुण्यात भरलेले ग्रंथकार संमेलन हे लेखकांच्या एकत्र येण्याचे पहिले मोठे निमित्त मानले जाते. पुढे ग्रंथविक्रीच्या दुकानांतूनही हा सहवास वाढला. मुंबईत १९२४ साली स्थापन झालेला पॉप्युलर बुक डेपो आणि गिरगावातील मॅजेस्टिक बुक स्टॉल यांनी ग्रंथविक्रीला प्रकाशनाची जोड दिली. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक सुरू करून पुस्तकांविषयीच्या गप्पांना छापील रूप दिले, तर पार्ल्यात रंगत आलेल्या ‘मॅजेस्टिक गप्पां’नी लेखकाला श्रोत्यांसमोर आणून बसविले. टी. एन. शानभाग यांचा १९४८ साली सुरू झालेला ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ वाचकाची आवड ओळखून पुस्तक पुढे करणाऱ्या विक्रेत्याचा आदर्श ठरला. तो २०१८ मध्ये बंद झाला. मुंबईत १९९२ साली ‘क्रॉसवर्ड’चे पहिले दालन उघडले. अशा प्रशस्त दालनांमुळे प्रकाशन समारंभ आणि स्वाक्षरीचे कार्यक्रम शहरी वाचकाच्या अधिक परिचयाचे झाले.

स्वतंत्र दुकान आणि अशी साखळी दालने यांत मुख्य फरक निवडीचा आहे. स्वतंत्र दुकानात कोणते पुस्तक मांडायचे आणि कोणाला बोलवायचे, हे मालक स्वतः ठरवितो. एखाद्या गावच्या कवीच्या शंभर प्रतींच्या संग्रहाला तो दर्शनी जागा देऊ शकतो. मोठ्या साखळीच्या केंद्रीय खरेदीत अशा पुस्तकाची नोंद होणे अवघड असते.

भवभूतीपासून चितमपल्लींपर्यंत

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७ होती. भातशेती, तलाव आणि जंगल ही त्याची ओळख. मात्र त्याची वाङ्मयीन परंपराही दुर्लक्षण्याजोगी नाही.

आठव्या शतकातील संस्कृत नाटककार भवभूती याने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत स्वतःचे कुल आणि विदर्भातील पद्मपूर हे गाव सांगितले आहे. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे मत नागपूरचे प्राच्यविद्यापंडित वा. वि. मिराशी यांनी मांडले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. भवभूतीची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत सादर होत असल्याचा उल्लेख त्यांच्या प्रस्तावनांत येतो. सूत्रधाराने रंगमंचावर येऊन लेखकाची ओळख करून द्यायची आणि समोर यात्रेला जमलेला समुदाय असायचा, ही लेखकाच्या परिचयाची रीत आजच्या प्रकाशन समारंभाहून फार दूरची नव्हे.

आधुनिक मराठी वाचकाला हा जिल्हा भेटला तो प्रामुख्याने मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले ते जंगल, तेथील विस्तीर्ण जलाशय, मासेमारी करणारे ढीवर, गोंड रहिवासी आणि पक्ष्यांचे जाणकार माधवराव पाटील डोंगरवार यांच्या सहवासातून त्यांच्या निसर्गलेखनाला मोठी सामग्री मिळाली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्या वास्तव्याचीच नोंद आहे. पक्ष्यांची आणि झाडांची स्थानिक नावे त्यांनी जंगलात राहणाऱ्यांकडून ऐकली आणि मराठीच्या शब्दभांडारात आणली. २००६ मध्ये सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ मध्ये पद्मश्री असे सन्मान त्यांना लाभले. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

चितमपल्लींच्या पुस्तकांतील अनेक शब्द नवेगावबांध परिसरातील माणसांचे आहेत. ते शब्द पुस्तकरूपाने राज्यभर पोचले. परंतु ज्यांच्या तोंडून ते आले त्यांच्या पुढच्या पिढीला ती पुस्तके जवळच्या बाजारात सहज मिळावीत, ही सोय मात्र त्या प्रमाणात झाली नाही.

बोलींचे लेखक

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. येथील झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. शेताला ‘बांधी’, लहान तळ्याला ‘बोडी’ आणि भाताच्या लावणीला ‘रोवणी’ हे येथील रोजच्या वापरातले शब्द. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शास्त्रीय अभ्यास केला, तिचे शब्द गोळा केले आणि झाडीबोली साहित्य मंडळाच्या माध्यमातून लिहिणाऱ्यांना एकत्र आणले. मंडळाची संमेलने मोठ्या शहरांऐवजी खेड्यापाड्यांत भरतात, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

वैनगंगेच्या खोऱ्यात पोवारी बोलणारा मोठा समाज आहे आणि त्या बोलीतही कविता व कथा लिहिल्या जात आहेत. सालेकसा, देवरी या भागांत गोंडीचा वारसा आहे. गोंडी भाषा आणि संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी या विषयावर विपुल लेखन केले. हिंदी तर गोंदिया शहराच्या बाजारपेठेची आणि रेल्वेच्या वस्तीची भाषा आहेच. म्हणजे येथील वाचक दोन-तीन भाषांत वावरणारा आहे.

बोलीभाषेतील पुस्तकाचे अर्थकारण मात्र नाजूक असते. अनेकदा लेखक स्वतःच्या खर्चाने मोजक्या प्रती छापतो, काही भेट देतो, काही पिशवीत घालून संमेलनांतून विकतो आणि उरलेल्या घरी ठेवतो. सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तक पोचावे यासाठी त्याच्यामागे वितरक नसतो. छापलेल्या प्रती अशा संपल्या की पुस्तकही संपते आणि त्याबरोबर त्यात नोंदलेले शब्दही नव्या वाचकाला अप्राप्य होतात.

आज भेट कोठे होते

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक असा तिचा क्रम असतो. झाडीपट्टी रंगभूमीचे प्रयोग रात्रभर चालतात आणि प्रेक्षक तिकीट काढून ते पाहतात. शब्द ऐकण्यासाठी पैसे मोजून रात्र जागविणारा हा प्रेक्षक लक्षात घेतला, तर येथे वाङ्मयाला गिऱ्हाईक नाही असे म्हणता येत नाही.

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. अनेक राज्यांतून येणाऱ्या भाविकांच्या या मेळ्यात गोंडी धर्म, इतिहास आणि भाषेची पुस्तकेही विक्रीला मांडलेली असतात. शासनाच्या वतीने जिल्हा पातळीवर भरविला जाणारा ग्रंथोत्सव ही आणखी एक जागा. तेथे ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलन आणि पुस्तक विक्री एकत्र येतात. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांतूनही स्थानिक कवींना व्यासपीठ मिळते.

सातारा जिल्ह्यातील भिलार हे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. या योजनेचा विस्तार करताना २०२२ मध्ये नवेगावबांधची निवड करण्यात आली. ज्या गावाने चितमपल्लींना लेखनाचा विषय पुरविला, त्याच गावात वाचकाने पुस्तक हाती घेऊन बसावे, हे औचित्यपूर्ण आहे. मात्र या योजनेतील पुस्तके वाचनासाठी असतात. वाचलेले पुस्तक विकत घेऊन घरी न्यायचे असल्यास दुकान लागतेच.

दुकानाने नेमके काय साधते

संमेलन, यात्रा आणि ग्रंथोत्सव वर्षातून एकदा येतात आणि जातात. दुकान बारा महिने उघडे असते. लेखकाच्या कार्यक्रमाला येऊ न शकलेला वाचक पुढच्या आठवड्यात येऊन स्वाक्षरीची प्रत मागू शकतो. लेखकाला आपले पुस्तक कोण घेतो हे कळते, तर विक्रेत्याला गावाची आवड कळते. संमेलनात हाराफुलांत आणि अध्यक्षीय भाषणांत जाणारा वेळ दुकानातील पंचवीस-तीस माणसांच्या बैठकीत वाचन आणि प्रश्नोत्तरांना मिळतो. मंचावरून बोलताना प्रमाण मराठीकडे वळणारा कवी ओळखीच्या माणसांत आपल्या बोलीत मोकळेपणाने वाचतो, हा लाभही मोठा आहे.

लहान गावांत पुस्तकाचे दुकान म्हणजे बहुधा शालेय पुस्तके, वह्या आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके यांचे दुकान होय. त्याचा मोसम जून-जुलैत असतो. असे दुकान रातोरात ललित पुस्तकांचे दालन होणार नाही; परंतु त्यातील एक कपाट जिल्ह्यातील लेखकांसाठी राखून ठेवणे आणि महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्यापैकी एकाला देणे, हे भांडवलापेक्षा इच्छेवर अधिक अवलंबून आहे. पुस्तके विक्रीनंतर हिशेब करण्याच्या अटीवर ठेवून घेतली, तर विक्रेत्याचा पैसा अडकत नाही आणि लेखकाच्या प्रतीही घरात पडून राहत नाहीत.

आखणी करताना

गोंदियात कार्यक्रमाची तारीख ठरविताना साहित्याच्या दिनदर्शिकेइतकेच भाताच्या हंगामाकडे पाहावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी असल्याने तालुक्याच्या गावांतील श्रोता त्या काळात मोकळा नसतो. मंडईचे दिवस सुरू झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोयीचा. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन ही निमित्ते शाळा-महाविद्यालयांना जोडून घेण्यास उपयोगी पडतात.

गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरील जंक्शन असून तेथून नागपूर, दुर्ग, बालाघाट आणि बल्लारशाह अशा चार दिशांना गाड्या जातात. त्यामुळे नागपूरच्या लेखकाला येणे कठीण नाही. आमगाव, तिरोडा किंवा अर्जुनी मोरगावच्या श्रोत्याला मात्र शेवटची गाडी किंवा एसटी गाठायची असते. कार्यक्रम दुपारी चारला सुरू करून सहाच्या आत आटोपणे हा येथे शिष्टाचाराचाच भाग ठरावा.

स्वतः पुस्तक छापणाऱ्या लेखकासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पुस्तकाला मिळणारा आयएसबीएन क्रमांक भारतात विनाशुल्क दिला जातो. तसेच १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना प्रकाशनानंतर तीस दिवसांत प्रत पाठविणे बंधनकारक आहे. घरगुती प्रकाशनात ही बाब अनेकदा राहून जाते. कार्यक्रम घेणाऱ्या विक्रेत्याने तिची आठवण करून दिली, तरी एका पुस्तकाची एक प्रत कायमची जपली जाईल. वाचनाचे ध्वनिमुद्रण करून ठेवले तर बोलीचा उच्चारही टिकेल. छापील अक्षरात तो पुरता उतरत नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीची ही श्रीमंती ज्या बोलींवर उभी आहे, त्यांतील एक बोली गोंदियाच्या बांध्यांत आणि बाजारात आजही बोलली जाते. तिच्यात लिहिणाऱ्याला आपल्याच तालुक्यात पुस्तक ठेवायला एक फळी आणि वाचून दाखवायला एक संध्याकाळ मिळाली, तर त्याचे पुढचे पुस्तक लिहिले जाण्याची शक्यता वाढते. जिल्ह्यातील एखाद्या दुकानाने ही सुरुवात केली, तर तेथे येणारा पहिला श्रोता बहुधा त्याच बोलीत प्रश्न विचारील.