‘द नाइटफ्लाय’ पुन्हा ऐकताना

डोनाल्ड फेगन या अमेरिकन गायक-संगीतकाराची ‘द नाइटफ्लाय’ ही ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. वॉल्टर बेकर यांच्यासमवेत चालविलेला ‘स्टीली डॅन’ हा संच १९८१ साली थांबला, त्यानंतरची ही त्यांची पहिली स्वतंत्र निर्मिती. पणजीस नोकरीत असताना एका सहकाऱ्याच्या घरी मी ती कॅसेटवर ऐकली, तेव्हा ती गुळगुळीत आणि काहीशी खोचक वाटली होती. निवृत्तीनंतर पुन्हा ऐकली आणि तो निवाडा फिरवावा लागला.

पहिल्या गीताचे नाव ‘आय.जी.वाय.’, म्हणजे जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष. शीतयुद्ध ऐन भरात असूनही अमेरिका आणि रशिया दोन्ही त्यात सामील होते, भारतही होता. स्पुटनिक याच काळात आकाशात गेला. न्यू जर्सीत वाढणारे फेगन त्या वेळी नऊ-दहा वर्षांचे होते. गीतातील मुलाला सूर्यशक्तीवर चालणारी नगरे दिसतात, न्यूयॉर्कहून समुद्राखालून दीड तासात पॅरिसला पोहोचणारी आगगाडी दिसते. यातले बहुतेक घडले नाही, हे १९८२ साली गाणाऱ्यास पुरते ठाऊक होते. शब्दांत म्हणूनच किंचित हसू आहे. स्वरांत मात्र ते नाही. विकास-आराखड्यांच्या टिपण्या लिहिण्यात हयात घालविलेल्या मला तरुणपणी केवळ ते हसूच ऐकू आले होते.

हा जिव्हाळा जॅझमधून आला आहे. ‘मॅक्सीन’मध्ये फेगन यांनी स्वतःचाच आवाज अनेक पदरांनी ध्वनिमुद्रित करून पन्नाशीच्या दशकातील गायकवृंदासारखी दाट स्वरसंगती उभी केली आहे, तीत मायकेल ब्रेकर यांचा सॅक्सोफोन येतो. वेष्टनावर रात्रीचा रेडिओ-निवेदक होऊन बसलेल्या फेगन यांच्यासमोर सॉनी रोलिन्स यांची तबकडी आहे. लोकप्रिय गीतात जॅझ मुरविणे आपणांस अपरिचित नाही, सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ (१९५१) आठवावा, त्यामागचे गोव्याचे चिक चॉकलेट आठवावेत.

ध्वनिमुद्रण थ्री-एम कंपनीच्या अगदी नव्या डिजिटल यंत्रावर झाले होते. लोकप्रिय संगीतातील आरंभीच्या संपूर्ण डिजिटल ध्वनिमुद्रणांत तिची गणना होते. भविष्याने फसविल्याची गाणी भविष्याच्याच यंत्रावर! ‘न्यू फ्रॉन्टियर’ या गीतातील तरुण तर अणुहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या तळघरात मेजवानी देतो आणि तिथेच एका मुलीवर भाळतो. बॉम्बच्या छायेत त्याला वाजवायचे असतात ते डेव्ह ब्रुबेक.