बर्फावरील ठाणे आणि त्याचे कामकरी

सोलापूरच्या या उन्हाळ्यात बर्फाची कथा कोणासही गोड वाटेल. परंतु आम्ही ती गारव्यासाठी सांगत नाही. कष्टांच्या हिशेबासाठी सांगतो. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या या शहरास तो हिशेब नवा नाही.

डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत गेल्या. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती हा त्यांचा अभ्यासविषय. त्या आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या तेथे गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ.

ही नावे आम्ही आदराने घेतो. पण त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभारले ते लष्कराच्या अभियंत्यांनी आणि जवानांनी. उन्हाळ्यात तेथे सूर्य मावळत नाही. त्या अखंड उजेडात त्यांनी काम पुरे केले. मग जहाज परतले आणि बारा जण प्रथमच हिवाळ्यासाठी मागे राहिले. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत वाट बंद. सुमारे दोन महिने सूर्याचे दर्शन नाही. अशा वेळी जनित्र बंद पडले तर ऊब जाते, पाणी गोठते, उपकरणे मुकी होतात. मग मिस्त्रीचे मोल शास्त्रज्ञाहून कमी कसे म्हणावे?

हे ठाणे समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थरावर होते. हिम साचत गेले, इमारत गाडली गेली आणि १९९० साली ती सोडावी लागली. त्याआधीच 'मैत्री' हे दुसरे ठाणे खडकावर, खांबांवर उभे केले होते. त्यास पाणी मिळते प्रियदर्शिनी सरोवराचे. तेथे स्वयंपाकघरातील पाळी शास्त्रज्ञासही चुकत नाही. निरीक्षणे नोंदवणारा हात भांडीही घासतो. २०१२ साली 'भारती' हे आणखी एक ठाणे सुरू झाले.

या कामाने बळीही घेतले. जानेवारी १९९० मध्ये नवव्या मोहिमेतील चौघे तंबूत विषारी वायूने गुदमरून गेले. गिरणीत असो वा ध्रुवावर, सुरक्षिततेची काळजी ही कामगारावरील मेहेरबानी नव्हे, ती कामाचाच भाग आहे.

इतिहासात मोहिमेच्या नायकाचे नाव राहते, ते राहावे. त्याच पानावर जनित्र राखणाऱ्याची आणि भात शिजवणाऱ्याचीही नोंद असावी, एवढेच आमचे मागणे आहे.